जागेचा घोट

१

सकाळी जिभेला काही लावायचं नाही, हा क्षितिजाच्या नोकरीतला पहिला नियम, आणि सासरी आल्यापासून तोच पाळणं सगळ्यात जड जात होतं. मानकोलीतल्या त्या दुमजली घरात दिवस उजाडायचा तोच सुकटीच्या वासाने. सासूबाई, म्हणजे आनंदीबाई, तव्यावर लसूण परतत विचारायच्या, "भाकर खातंस का गो थोरी?" आणि क्षितिजा रोज एक नवं कारण शोधून काढायची. कारणं संपत आली तेव्हा तिच्या नवऱ्याने, देवेशनेच सांगून टाकलं की हिचं काम नाकाचं आहे, दुपारपर्यंत तिला उपाशी राहू द्या. त्या दिवशी सासऱ्यांनी, केसरीनाथांनी, सुनेच्या नाकाकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. मुलगी बघायला आले होते तेव्हा त्यांनी उंची पाहिली होती, रंग पाहिला होता, पत्रिका पाहिली होती. नाक तेवढं राहून गेलं होतं.

लग्न ठरताना क्षितिजाने एकच अट घातली होती. नोकरी सोडणार नाही. एवढं सोडून तिने सगळ्याला मान डोलावली होती: साड्यांना, मांडवाला, हळदीच्या डीजेला. नाशिककडची ही मुलगी द्राक्षांवर शिकली, दिंडोरीच्या बाजूला वाइनच्या कारखान्यात काही वर्षं राबली, आणि मग परदेशी वाइन आणणाऱ्या एका कंपनीच्या मानकोलीतल्या गोदामात परीक्षक म्हणून आली. जहाजातून उतरलेल्या मालाबद्दल शंका आली की बाटली उघडायची, रंग बघायचा, वास घ्यायचा, घोटभर तोंडात धरायची आणि थुंकायची. गिळायची नाही. दिवसभरात दहा जातींची चव घेणारा माणूस गिळत बसला तर दुपारी त्याला उसाचा रसही उत्तम वाटेल. घरी मात्र यातलं काही फोड करून सांगितलेलं नव्हतं. "सूनबाई क्वालिटीत आहेत," असं केसरीनाथ पाहुण्यांना सांगायचे, आणि त्या एका शब्दाखाली सगळं झाकून जायचं.

त्या महिन्यात गोदामात एक वेगळा माल आला. फ्रान्समधली लाल वाइन, बोर्दोकडची, क्षितिजाहून वयाने मोठी. कुणा शौकिनाच्या तळघरातून निघालेल्या पेट्या. वाटेत कंटेनरचं कूलिंग बंद पडलं होतं, आणि किती वेळ ते कुणीच धड सांगत नव्हतं. वाइन तगली आहे की उन्हात शिजली, हे प्रत्येक पेटीतली एक बाटली उघडून ठरवायचं होतं. दिल्लीचे मोठे परीक्षक आजारी पडले आणि काम क्षितिजावर आलं. ती 'जिवंत' म्हणाली की माल पुढे जाणार. 'गेली' म्हणाली की नाल्यात. हे नीट पार पडलं तर पुढचा जुना माल सगळा तिच्याकडेच येईल, असं साहेबांनी फोनवर सांगितलं होतं. नव्या घरात तिचं स्वतःचं म्हणावं असं दुसरं काही नव्हतं. कपाटसुद्धा सासूबाईंच्या जुन्या साड्यांबरोबर अर्धं अर्धं वाटून घेतलेलं होतं.

२

"जुनी दारू हाय म्हंतंस," आनंदीबाई आदल्या संध्याकाळी मासे साफ करता करता म्हणाल्या. "मंग आदी जागंला थेंब टाकाचा, आन मंगच फुरं जावाचा."

क्षितिजाने हळदीच्या दिवशी ते पाहिलं होतं. बाटली उघडली की केसरीनाथ ग्लासात बोट बुडवायचे, एक थेंब जमिनीवर झटकायचे, मग ग्लास तोंडाला लावायचे. त्यांचे भाऊ, चुलतभाऊ, सगळे तेच करत होते, गप्पा न थांबवता, जाता जाता दिवा मालवावा तसं. जमिनीत कोण आहे, हे कुणी बोललं नाही आणि तिने विचारलं नाही. नव्या नवरीने विचारायच्या गोष्टी वेगळ्या असतात.

"पण आई, ते ऑफिस आहे," ती म्हणाली.

"हापीस आता झायला. ते आपलंच खाचर होतं. कंपनीला दिलंय ते वरचं वरचं." सासूबाईंनी बोंबलाचं डोकं उडवलं. "खालचं कोन देतंय."

क्षितिजाने मान डोलावली.

गोदामाच्या एका कोपऱ्यात चवीची खोली होती. पांढऱ्या भिंती, पांढरं टेबल, वर पांढरा दिवा, खाली गुळगुळीत राखाडी लादी. खिडकी नाही, कारण बाहेरून ट्रकचा धूर येतो. एसी चालू, दार घट्ट. रंगाला आणि वासाला काही म्हणता काही चिकटू नये म्हणून केलेली ती खोली. आत गेलं की डोक्यातसुद्धा काही चिकटत नाही, असं क्षितिजाला वाटायचं. सासरच्या घरातल्या एवढ्या माणसांनंतर ती तिला माहेरासारखी होती.

पहिल्या बाटलीचं बूच भिजून पिठूळ झालेलं होतं. दोन पात्यांचा चिमटा कडेने हळूहळू उतरवत तिने ते अख्खं बाहेर काढलं. वाइन गाळ मागे ठेवून दुसऱ्या भांड्यात ओतली, मग ग्लासात घेतली. पांढऱ्या कागदावर ग्लास कलता धरला. मधे गडद, आणि कडेला जुन्या कौलासारखा विटकरी रंग. नाक लावलं. आधी बंद पेटीचा वास, मग हळूहळू एकेक दार उघडत गेलं: चामडं, तंबाखूचं पान, सुकवलेला आलुबुखार, पाचोळ्याखालची ओली माती. शिजल्याचा, मुरंब्यासारखा गोडसर वास कुठेच नव्हता.

मातीच्या वासाने तिला सासूबाई आठवल्या. खोलीत कुणी नव्हतं. स्वतःशीच हसत तिने ग्लासात करंगळी बुडवली आणि एक थेंब लादीवर पडू दिला.

मग घोट घेतला. ओठ किंचित उघडे ठेवून हवा आत ओढली, सुर्रर् करून, घोट तोंडात फिरवला, धरला, आणि पिकदाणीत थुंकला. वहीत लिहिलं: जिवंत. आणि ग्लास धुवायला बेसिनकडे वळली.

पाठीमागे कुणीतरी सुर्रर् केलं.

लांबट, ओलसर, थोडं धसमुसळं. बशीतून गरम चहा ओढावा तसं. ती हात तसेच नळाखाली धरून उभी राहिली. तो आवाज झाला की पुढे काय येतं, हे तिच्या अंगात मुरलेलं होतं. ती थुंकल्याचा आवाज ऐकायला थांबली.

तो आला नाही.

३

एसीचा पाइप, असं तिने ठरवलं. गोदामाचे सुपरवायझर हरेश येऊन बघून गेले. त्यांनी एसीवर दोन थापा मारल्या, बेसिनखाली वाकून पाइप हलवला, आणि गॅस कमी झाल्याचं निदान केलं. इथे पंखा वाजला तरी त्यांचं निदान गॅसचंच असे. जाताना ते लादीकडे बघून म्हणाले की मॅडम, तुमची खोली बाकी चकाचक असते हां.

तेव्हा तिच्या लक्षात आलं की थेंब नाही. तिने पुसला नव्हता. लादी तर अशी, की शाई सांडली तरी मोत्यासारखी वर बसून राहते. ती खाली बसली, लादीला बोट लावलं, बोट हुंगलं. फिनाईलसुद्धा नाही. काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या पेटीच्या वेळी, तिने थेंब टाकला नाही. ऑफिसात ऑफिसासारखं वागावं. घोट घेतला, हवा ओढली, फिरवला, थुंकला. आणि मग हात टेबलावर ठेवून सरळ उभी राहिली, परीक्षेतल्या मुलीसारखी.

सुर्रर्.

आवाज लादीतून येत होता असं म्हणावं तर तो भिंतीतूनही येत होता. पण क्षितिजा घाबरली ती त्याने नाही. आवाज सुधारला होता. कालचा धसमुसळेपणा गेला होता. ओठ नेमके तेवढेच उघडे, हवा बारीक, मधे एक छोटा थांबा. तिने दिंडोरीला नव्या मुलांना हे शिकवलं होतं. बहुतेकांना आठवडा लागायचा. पहिल्यांदा सगळे गटकन पिऊन टाकतात, त्यांना धरून ठेवायला शिकवावं लागतं. घाई करायची नाही. तोंडात खेळवायचं. जे आहे ते हळूहळू काढून घ्यायचं.

तिसऱ्या पेटीला तो थांबा लांबला. चौथ्या पेटीला तो इतका लांबला की तिने वहीत नोंद पुरी केली, भांडी धुतली, दिवा बंद केला, दार ओढून घेतलं, तरी आत कुणीतरी अजून तोंडात धरूनच होतं.

नेमकं काय धरलं होतं, हे तिला कळत नव्हतं. बाटल्यांमधली वाइन कमी होत नव्हती. चवही उतरत नव्हती. एकेक पेटी जिवंत निघत होती.

४

घरात एक कुत्रा होता, गावठी, तांबूस. सून घरात आल्यावर त्याने तिला सगळ्यात आधी आपलं म्हटलं होतं. रोज संध्याकाळी ती फाटक उघडायची तेव्हा तिची पावलं हुंगायची आणि मग शेपटी हलवायची, हा त्याचा शिरस्ता. त्या आठवड्यात एकदा तो फाटकात आडवा पडला होता. ती अगदी त्याच्या नाकाजवळून आत गेली. त्याने डोकंही वर केलं नाही. ती ओट्यावर बसून चपला काढायला लागली तेव्हा तो दचकून उठला, तिच्याकडे बघून गुरगुरला, मग हवेत हुंगला, आणि कण्हत अंगणाच्या दुसऱ्या टोकाला गेला.

"सूनबाई आल्या कधी?" केसरीनाथ झोपाळ्यावरून म्हणाले. "कळलंच नाही."

मग डास. खाडीकडचा वारा पडला की मानकोलीत संध्याकाळी बसवत नाही. सगळं घर चटाचट हातपाय मारत असायचं. क्षितिजा मधे बसून मटार सोलत होती आणि तिला एकही चावत नव्हता. जाऊबाईंनी तिला विचारलं की कुठलं क्रीम लावतेस. ती काहीच लावत नव्हती. कामासाठी ती पावडर, अत्तर, गजरासुद्धा टाळायची. तिच्या अंगाला वास होता तो फक्त तिचा.

रविवारी दुपारी देवेश आडवा पडल्या पडल्या तिची उशी ओढून घेऊन त्यात तोंड खुपसून झोपायला गेला. लग्नानंतरची त्याची ही सवय तिला मनातून आवडायची, वरवर ती त्याला रागवायची. तो थोडा वेळ तसाच पडला. मग उशी उलटीपालटी करून बघायला लागला.

"अभ्रा बदललास का?"

"नाही. का?"

"तुझा वासच नाही." तो हसला, पण उशी त्याने बाजूला ठेवली. "दुकानातल्यासारखी झाली आहे."

क्षितिजाने न्हाणीघरात जाऊन दार लावलं आणि मनगट नाकाला लावलं. तिच्या नाकाला काही झालं नव्हतं. साबण येत होता, ओलं लाकूड येत होतं, खालच्या स्वयंपाकघरातलं वाटण येत होतं. त्या सगळ्यांच्या मधे तिचं मनगट होतं आणि तिथे काही नव्हतं. तिने खांदा हुंगला, दिवसभर घातलेल्या कुर्त्याची काख हुंगली. कुर्ता घडी मोडायच्या आधीसारखा होता.

शिवाय थकवा. पाय उचलून जिना चढायचा म्हणजे कुणाचे तरी उसने आणलेले पाय असावेत तसे वाटायचे. अंजूरफाट्याच्या डॉक्टरांनी डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली आणि लोहाच्या गोळ्या दिल्या. नवं लग्न, दगदग, सगळ्याच मुलींना होतं, असं ते म्हणाले. क्षितिजाला ते पटलं. पटवून घ्यायला तिने फार कष्ट घेतले. माणसाचा वास घामाचा असतो, घाम कमी येत असेल. कुत्रा म्हातारा आहे. डासांचं काय सांगावं. असं एकेकाला उत्तर होतं. सगळ्यांना मिळून एक उत्तर मात्र होत नव्हतं, आणि ते शोधायची ताकद तिच्यात उरली नव्हती.

आता एकच पेटी राहिली होती. ती झाली की माल जाईल, साहेब बोलले ते होईल, आणि मग चार दिवस सुट्टी टाकून ती नुसती झोपेल.

५

आनंदीबाईंनीच विषय काढला. दुपारची वेळ होती, घरात दोघीच. सासूबाई पाट्यावर ओलं खोबरं वाटत होत्या. मिक्सर होता, पण त्यांना त्याचा भरवसा नव्हता.

"जागंला थेंब टाकतंस ना?"

"टाकला होता. पहिल्या दिवशी."

"बरा केलास." वरवंटा घसरत राहिला. "मंग पियालीस?"

"आम्ही पीत नाही, आई," क्षितिजा म्हणाली. एवढे दिवस त्या एका शब्दाखाली झाकलेलं तिने आता काढून दाखवलं, कारण लपवून ठेवायलाही दम लागतो. "आम्ही तोंडात धरतो, चव बघतो आणि थुंकतो. तेच काम आहे."

वाटणं थांबलं. आनंदीबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. ओरडायला त्यांचा आवाज खणखणीत होता. त्या हात पाट्यावर तसेच ठेवून सुनेकडे बघत राहिल्या.

"थुकलीस? त्याला बलवलास, आन त्याच्या म्होरं थुकलीस?"

"कुणाला बोलावलं?"

"थेंब टाकाचा म्हंजे यक आपला, यक जागंचा. बराबर गिलाचा. गिलला का झाला, तो तिकरं, आपन इकरं." सासूबाई शब्द शोधत होत्या. हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नसावं, कारण हे न कळणारं माणूस त्यांच्या ओळखीत नव्हतं. पिऊन थुंकणारं तर नव्हतंच. "त्यानी तुझ्या तोंडाकरं बगला आसंल. बसला आसंल वाट बगत."

क्षितिजाला हसू यायला हवं होतं. तिला ते सुर्रर् आठवलं, दिवसेंदिवस नेटकं होत गेलेलं. खाचराच्या बांधावर पिढ्यान् पिढ्या जे गटागट पीत आलं, त्याला पहिल्यांदाच कुणीतरी सावकाश चव घ्यायला शिकवलं होतं.

"मग आता?"

आनंदीबाई उठल्या, हात धुतले, आणि जवळ येऊन त्यांनी सुनेचं डोकं दोन्ही हातांत धरलं. लहान बाळाची टाळू हुंगतात तसं त्यांनी तिच्या भांगात नाक खुपसलं. बराच वेळ. मग सोडलं.

"फुरच्या टायमाला परत टाक. आन गील," त्या म्हणाल्या. आवाज इतका मऊ होता की क्षितिजाच्या अंगावर काटा आला. "पुरी गील. वाटा पुरा कर."

त्या दिवसापासून त्यांनी तिला एकही काम सांगितलं नाही.

६

शेवटच्या पेटीतली बाटली सगळ्यांत चांगली निघाली. एवढ्या थकव्यातही क्षितिजाला ते पहिल्या वासात कळलं. आधीच्या बाटल्यांनी म्हातारपण सोसलं होतं. या बाटलीने ते कमावलं होतं. आलुबुखार होता पण त्याच्यामागे गुलाबाची सुकी पाकळी होती, चंदनाची ढलपी होती, आणि त्याहीमागे काहीतरी असं, की त्याला नाव देण्यापेक्षा गप्प बसावं. इतकी वर्षं अंधारात पडून राहून हे तयार झालं होतं. अशी वाइन परीक्षकाच्या वाट्याला क्वचित येते. तिने वहीत 'जिवंत' लिहून टाकलं, साहेबांना काय लिहायचं तेही मनात तयार झालं, आणि त्या वाक्याने तिला बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं.

तिने करंगळी बुडवली. थेंब लादीवर पडला. तिने बघितलं नाही. घोट घेतला, फिरवला, आणि डोळे मिटून गिळला.

छातीतून उबदार रेघ उतरत गेली. खोली शांत होती. एसीची घरघर, बाहेर दूर कुठेतरी मागे येणाऱ्या ट्रकची पिपाणी. ती मोजकेच श्वास घेत थांबली. सुर्रर् आलं नाही. आणखी थांबली. नाही आलं. संपलं, असं तिला वाटलं, आणि कोपरं टेबलावर टेकून ती खाली वाकली.

म्हणून तिचे डोळे ग्लासाच्या पातळीत आले.

ग्लास टेबलावर स्थिर होता. तिचा हात त्याला लागलेला नव्हता. आतली वाइन मात्र एका बाजूने वर चढत होती. काठाकडे झुकली, मग सावकाश कडेकडेने फिरायला लागली, गोल, एका लयीत. वास मोकळा व्हावा म्हणून ग्लास मनगटातून फिरवतात, अगदी तशी.

ग्लास फिरत नव्हता. फिरत होती ती खोली.

भिंतींनी ओल धरली होती. वरपासून खालपर्यंत पारदर्शक, जाडसर ओघळ उतरत होते, एकमेकांना न भेटता, घाई न करता. ते ओघळ तिच्या ओळखीचे होते. ती रोज ते ग्लासाच्या आतल्या बाजूला बघायची, आणि त्यांच्या जाडीवरून आतल्या मालात किती दम आहे ते सांगायची. फक्त ती नेहमी काचेच्या बाहेर असायची.

दिवा एका बाजूने मंदावला. वीज गेली नव्हती. दिव्याच्या आणि तिच्यामध्ये काहीतरी वाकलं होतं. वर पाहू नये एवढी अक्कल तिला होती, तरी मान वर गेली. छत होतं तिथे छत नव्हतं. शेजारी शेजारी दोन काळोख होते, ओलसर, आणि ते खाली येत होते. काहीतरी डोळे मिटून, पूर्ण लक्ष देऊन वाकत होतं. कुणावर एवढं लक्ष दिलेलं तिने आजवर पाहिलं नव्हतं. तिला बघायला आले होते तेव्हासुद्धा कुणी दिलं नव्हतं.

मग ते श्वास आत ओढायला लागलं.

तिचे मोकळे केस वर उठले. ओढणी खांद्यावरून वर गेली. तोंडातली वाइनची चव, मग त्यामागची सकाळच्या पाण्याची चव, मग त्याहूनही मागची, जी आपल्या तोंडाला कायम असते म्हणून कुणाला जाणवत नाही ती, एकेक करून निघून वर गेली. ती ओरडली असेल. आवाजही वरच गेला.

आणि मग ते थांबलं.

भिंतींवरून ओघळ खाली आले. ग्लासातली वाइन हलत हलत सपाट झाली. खोली कुठेतरी हळूच टेकली, काच टेबलावर ठेवताना होतो तेवढाच तो आवाज.

तिला चाखलं नव्हतं. नुसता वास घेऊन ठेवून दिलं होतं.

७

हरेशना ती लादीवर बसलेली सापडली. त्यांनी देवेशला फोन केला, देवेश गाडी घेऊन आला. रस्ताभर तो तिला काहीबाही सांगत होता. हरेशनी वहीतली नोंद कळवली, साहेबांचा फोन येऊन गेला, ते फार खूश आहेत, सगळा माल पास झाला. क्षितिजा काचेला डोकं टेकून कंटेनरांची रांग बघत होती. आपल्याला काय झालं, हे तिला एव्हाना कळलं होतं. तिच्याइतकं नेमकं ते दुसऱ्या कुणाला कळलंही नसतं.

कारण हे तिने स्वतः किती वेळा केलं होतं. कोवळी, चांगल्या मळ्यातली वाइन आली की नाक लावताच समजतं की हिच्यात खूप आहे, पण आत्ता नाही. आत्ता उघडली तर फुकट जाईल. अशीला परीक्षक तोंडही लावत नाही. बाजूला काढतो, आणि सांगतो की ठेवा.

आनंदीबाईंनी खालची मागची खोली रिकामी करून ठेवली होती. पूर्वी तिथे भाताच्या कणग्या असत. जाड भिंती, खिडकी नाही, भर दुपारी अंगाला गारवा लागेल अशी. गादी घातलेली होती, चादर ताणलेली होती. सासूबाईंनी पुन्हा एकदा तिची टाळू हुंगली आणि या वेळी त्यांचा चेहरा सैल झाला.

"येतंय," त्या म्हणाल्या. "थोरा थोरा येतंय वास."

कसला, ते क्षितिजाने विचारलं नाही.

देवेश दारात उभा राहून सांगत होता की त्याने कंपनीला कळवलं आहे, सध्या ती येणार नाही. नुसतं सध्या. तिची तब्येत आधी. त्याचा स्वर प्रेमळ होता, आणि डोळे तिच्यावर ठरत नव्हते. लग्नाआधी घातलेली एकच अट तिच्या जिभेवर आली. ती उठून बसणार होती, त्याला सांगणार होती की सोमवारी मी कामावर जाणार आहे, मला फक्त चार दिवस झोपू दे. पण शब्द जमवायचे म्हणजे मान उचलायला हवी होती, आणि उशी इतकी थंड होती.

"उतानी नको झोपूस गो," आनंदीबाई तिच्या खांद्याला हात लावत म्हणाल्या. "कुशीवर हो. आशी. हलू नको."

त्यांनी तिला अलगद वळवलं, अंगावर चादर सारखी केली, आणि बाहेर सगळ्यांना सांगितलं की तिला कुणी उठवायचं नाही. बाटली आडवी का ठेवतात, ते क्षितिजाला पक्कं ठाऊक होतं. बूच ओलं राहावं म्हणून. बराच काळ ठेवायची असेल तर.

दार लागलं. दाराच्या फटीतली रेघही कुणीतरी बाहेरून कापड लावून बुजवली. अंधार सगळीकडून सारखा होता. त्याला हिसका नव्हता, गरमी नव्हती. आपण घाबरायला हवं, असं तिला वाटलं, आणि ते वाटणंही लांबच्या खोलीतल्या माणसाचं असावं तसं वाटलं. खरं सांगायचं तर इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिला बरं वाटत होतं.

घाई कुणालाच नव्हती.